चढावरची टिकटिक

१

गटाने सायकली चालवायच्या तर शेवटचा माणूस आधी ठरवावा लागतो. आमच्या माँट्रियलच्या मराठी मंडळात त्याला ‘शेपूट’ म्हणतात. शेपटाने कुणालाही ओलांडायचं नाही, कुणालाही मागे राहू द्यायचं नाही, आणि मागून गाडी आली की ओरडायचं, “मागून!” मग पुढचा उजवीकडे सरकतो आणि तीच हाक त्याच्या पुढच्याला देतो. शेपटाच्या मागे आपलं कुणीच नसतं.

२०१७च्या जूनमध्ये शेपूट मी होते. हॉलंडमधल्या उट्रेक्टला सायकल-रस्त्यांचं नियोजन शिकून नुकतीच परतले होते आणि भेटेल त्याला पटवत सुटले होते, की मोटारीने माणूस पोचतो, पण त्याला गाव दिसत नाही. क्यूबेक शहराजवळ, सेंट लॉरेन्स नदीत, इल द’ऑर्लेआं नावाचं बेट आहे. त्याला वळसा घालणारा एकच रस्ता, त्यावर फ्रेंचांनी तीनशे वर्षांपूर्वी वसवलेली गावं, स्ट्रॉबेरीची शेतं, उतरत्या लाल छपरांची दगडी घरं. त्या बेटावर तीन दिवसांची सहल मीच ठरवली. माझ्यासकट चार जण झालो. पुढे नंदन आणि त्याची बायको ऋचा, दोघंही पुण्याहून आलेले सॉफ्टवेअरवाले. मग दीनानाथकाका. त्यांच्यामागे मी.

दीनानाथकाका बाबांचे जुने मित्र. आयुष्यभर धरणांचं इंजिनिअरिंग केलेले, आता त्र्याहत्तरीचे, आणि आदल्याच वर्षी बायपास झालेले. त्यांना न्यायची परवानगी मागायला मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा शीलाकाकू तिळाच्या वड्या थापत होत्या.

“हॉलंडमध्ये सगळं सपाट असतं,” त्या म्हणाल्या. “इथं चढ आहेत. आणि ह्यांचं हृदय सेकंडहँड आहे.”

“रीकंडिशन्ड म्हण,” काका आतून ओरडले.

“काकू, डॉक्टर हो म्हणालेत. आणि मी पूर्ण वेळ त्यांच्या मागेच असेन.”

त्यांनी लाटणं बाजूला ठेवलं. “ईशानी, मला एवढ्या मोठ्या घरात एकटीला राहायचं नाहीये. ह्यांना परत आणायचं. बाकी चढ-उतार तुझं तू बघ.”

मी शब्द दिला. शब्द देताना मला फार बरं वाटलं होतं.

२

सायकलवाल्याचे कान डोळ्यांपेक्षा जास्त कामाला येतात. पेडल मारत असलो की सायकल जवळजवळ मुकी असते. पाय थांबवले की मागच्या चाकातलं फ्रीव्हील टिकटिक करायला लागतं. म्हणून उतारावर सगळ्यांची टिकटिक, आणि चढावर फक्त धाप. चढावर पाय थांबवून चालतच नाही. सायकल दोन हातांवर जाऊन उभी राहते.

पहिल्या सकाळी पूल ओलांडून बेटावर चढलो आणि मी अक्षरशः भारावले. डावीकडे नदी, पलीकडच्या काठावर निळे डोंगर, आणि शेतांच्या लांबच लांब पट्ट्या रस्त्यापासून थेट पाण्यापर्यंत उतरलेल्या. चर्चच्या मनोऱ्यांचे पत्रे उन्हात चांदीसारखे चमकत होते. फाट्यावर लाकडी क्रूस दिसला की काका हँडलवरचा एक हात उचलून छातीला लावायचे.

“काका, तो येशूचा आहे.”

“मग काय झालं? त्याच्या गावातून चाललोय. रामराम नको करायला?”

गावातली माणसंही मला आवडली. रस्ता ओलांडण्याआधी ती थांबत. एक बाई टोपली घेऊन फाटकात उभी होती. रस्त्यावर आम्ही चौघं सोडून काही नव्हतं, आणि आम्ही पुढे निघून गेलो तरी ती तशीच थांबली, मान जरा खाली घालून. पुढे एक म्हातारा तसाच थांबलेला दिसला. मग शाळेच्या बाहेर दोन मुली. मी मनात म्हटलं, काय ही शिस्त! रस्ता रिकामा असला तरी त्याला मान देणारी माणसं.

दुपारी पहिला चढ लागला. नंदन आणि ऋचा वळणाआड गेले. काका सगळ्यात हलक्या गिअरवर, फू फू करत, पण न थांबता चालले होते. मी त्यांच्या मागच्या चाकावर नजर ठेवून पेडल मारत होते.

माझ्या मागे टिकटिक होत होती.

मी आधी कडेला झाले. कुणी सायकलवाला मागून आला असेल, जाऊ दे. कुणी गेलं नाही. मागे बघितलं तर रस्ता थेट खालच्या घरापर्यंत मोकळा होता.

मग मी कारणं शोधली. माझ्याच चाकात काही अडकलं असेल. थांबून बघितलं, नव्हतं. काकांच्या सायकलचा आवाज दगडी भिंतीवर आपटून परत येत असेल. पण काका पेडल मारत होते, त्यांची सायकल मुकी होती. मग माझ्या लक्षात आलं की मला आवाजाचं भय वाटत नव्हतंच. आवाज साधाच होता, तेल घातलेल्या चांगल्या सायकलचा. भय याचं होतं की मागे जे कोण होतं, ते चढावर पेडल न मारता येत होतं.

३

चढ संपला तशी टिकटिकही संपली. सपाटीवर काकांनी खिशातून काकूंच्या तिळाच्या वड्या काढल्या. सायकल न थांबवता खाऊ मागे देण्यात आमच्या मंडळाचा हातखंडा आहे. पुढच्याने न बघता हात मागे करायचा, मागच्याने जवळ जाऊन घ्यायचं. नंदन त्याला ‘रिले खादाडी’ म्हणतो.

काकांनी हात मागे केला. तळव्यावर दोन वड्या होत्या.

“एक पुरे, काका.”

“एक तुला. एक तुझ्या मागच्याला.”

माझा हात तसाच राहिला. “माझ्या मागे कोण आहे?”

“मला काय माहीत? केव्हापासून येतोय बिचारा. आपण त्याच्यादेखत खायचं का?”

काका माझी मस्करी करत नव्हते. मागे वळून बघायला त्यांची मान आता वळत नाही. त्यांनी फक्त ऐकलं होतं, आणि रस्त्यात बरोबर असलेल्या माणसाला खाऊ द्यायचा, एवढंच त्यांना कळत होतं.

मी दोन्ही वड्या घेतल्या. आता वाटतं, इथंच मी चुकले. दुसरी वडी मी खिशात टाकायला हवी होती. पण उन्हं लख्ख होती, शेतांतून स्ट्रॉबेरीचा वास येत होता, आणि मला माझ्याच भीतीची थोडी गंमत वाटायला लागली होती. मी वडी दोन बोटांत धरली, न बघता हात मागे केला आणि मोठ्याने म्हटलं, “घ्या.”

ती हातातून गेली.

पडली नाही. पडलेली वस्तू बोटांना कळते. ही कुणीतरी घेतली, अगदी हळू, बोटांना धक्का लागू नये अशा बेताने. लहान मुलाच्या हातातली कात्री आपण काढून घेतो तशी.

मी ब्रेक दाबला. मागे कुणी नव्हतं. मी चालत मागे गेले, वडी रस्त्यावर शोधली. गवतात पाहिलं. डांबर स्वच्छ होतं, तीळसुद्धा दिसला नाही.

“काय गं, पंक्चर?” काकांनी पुढून विचारलं.

“नाही.”

“घेतली का त्यानं?”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

४

मुक्काम एका जुन्या दगडी घरात होता. तिथे अशा घरगुती लॉजला झीत म्हणतात. भिंती हातभर जाड, खिडक्यांना खोल कोनाडे. मालकीण बाई, मादाम, पन्नाशीची, गप्प स्वभावाची. तिने पाण्याचा जग आणून ठेवला आणि रस्त्याकडची खिडकी लावून घेतली. कडी बसलीय ना, हे तिने बोट लावून पाहिलं.

जेवताना नंदनला मी सांगून टाकलं.

“अगं, तुझ्या मागच्या चाकाच्या कॅसेटमध्ये, दातऱ्यांत, वाळू गेली असेल.”

“कॅसेट बघितली मी.”

“मग भूत. फ्रेंच भूत. तिळाची वडी खाणारं.” तो ऋचाकडे वळला. “याला ग्लूटेन-फ्री लागत असणार.”

ऋचा हसली, मीही हसले. काका हसले नाहीत. ते पाव मोडत होते. “नंदन, तू चढ चढताना सगळ्यात जास्त कशाला कंटाळतोस?”

“चढाला.”

“मी धापेला. वर्षभर मी माझीच धाप ऐकतोय. जिना चढलो की ऐकतो. शीलाशी भांडलो की ऐकतो. आज त्या टेकडीवर टिकटिक ऐकत होतो, तर धाप विसरलो.” त्यांनी पाव बशीत ठेवला. “काम शून्य आणि उंची वाढतेय. हे गणित बसत नाही. चाळीस वर्षं मी हेच शिकलो, की पाणी वर चढवायचं तर किंमत द्यावी लागते.”

जेवण झालं तरी बाहेर उजेड होता. जूनमध्ये इथं संध्याकाळ संपता संपत नाही. मी वर खोलीत गेले. त्या खोलीलाही रस्त्याकडे खिडकी होती. तीही लावलेली होती. काच जुनी, लाटालाटांची, तिच्यातून समोरचं सफरचंदाचं झाड पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं. मी पलंगावर बसले आणि तेव्हा ऐकू आलं.

एकाची नव्हती. खूप जणांची टिकटिक होती, पाऊस पत्र्यावर बारीक सुरू व्हावा तशी. डावीकडून उजवीकडे, म्हणजे खालून वर. न थांबता, न घाई करता. तिच्यात बोलणं नव्हतं, श्वास नव्हता. मी उठून काचेपाशी जायला हवं होतं. मी पलंगावरच बसून कारणं जोडत राहिले, हे पाइपांतलं पाणी असेल, छपराचा पत्रा थंड होत असेल. आणि तरीही ते संपू नये असं वाटत होतं. इतका सुरेख आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

पलीकडच्या खोलीत खिडकीची कडी सरकल्याचा आवाज आला. ती काकांची खोली होती.

५

दुसऱ्या सकाळी काका दाढी करून, ताजेतवाने होऊन आले. “झोप लागली का?” मी विचारलं. “उत्तम,” ते म्हणाले, आणि कॉफीही अर्धी सोडून सायकलीपाशी गेले.

दोन गावांच्या मध्ये बेटावरचा मोठा चढ आहे. लांब, सरळ, दोन्हीकडे उंच गवत, वरच्या टोकाला नुसतं आकाश. नंदन आणि ऋचा माथ्यापलीकडे गेले. काका चढाला लागले, मी त्यांच्या मागे. ऊन उजवीकडून तिरपं येत होतं.

टिकटिक मागून आली. या वेळी ती माझ्या मागे थांबली नाही. माझ्या डाव्या बाजूला आली, मग थोडी पुढे. माझ्या दंडावरची लव वाऱ्याने हलावी तशी हलली. मी समोर बघत राहिले. आणि समोर काकांचे पाय थांबले.

मला वाटलं, दमले. आता पाय टेकवतील. मी ब्रेकवर बोटं ठेवली. पण काकांची सायकल थांबली नाही. दोन्ही पेडलं आडवी, गुडघे स्थिर, पाठ ताठ, बागेतल्या बाकावर बसल्यासारखे काका चढ चढत होते. त्यांच्या चाकातून टिकटिक येत होती. त्यांच्यातलं आणि माझ्यातलं अंतर वाढत होतं. मी सीटवरून उठून जीव खाऊन पेडल मारलं, तरी वाढत होतं.

त्यांचा चेहरा मला बाजूने दिसला. असा चेहरा मी एकदाच पाहिला आहे, मागून सायकल धरणारा मोठ्यांचा हात पहिल्यांदा सुटला तेव्हा एका पोराचा.

माथ्यावर पोचले की काय होईल, मला माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की ते तिथून परत येणार नाहीत, आणि मी काकूंना शब्द दिला होता. “काका, थांबा!” मी ओरडले. त्यांनी ऐकलं नाही. “काका, काकू!” ऐकलं नाही. मग घशातून आपोआप ती हाक निघाली, जी शेपटाने द्यायची असते.

“मागून!”

काकांचा हात वर झाला. मंडळाबरोबर सायकल चालवल्याची इतक्या वर्षांची सवय होती ती, तिला विचार लागत नव्हता. ते उजवीकडे सरकले आणि त्यांनी पाय टेकवला. मीही कडेला झाले, उतरले आणि मान खाली घातली. का, ते तेव्हा मला समजलं नाही.

ते आमच्या बाजूने गेलं. मी वर बघितलं नाही. मी फक्त डांबरावर बघत होते, आणि डांबरावर सावल्या होत्या. चाकांच्या, लांब, तिरप्या, आऱ्यांसकट. काही मोठ्या चाकांच्या, काही लहान. बसलेल्या माणसांच्या सावल्यांचे पाय स्वस्थ लोंबत होते. आणि प्रत्येक सावलीचा एक हात मागे होता, तळवा वर, जसा आम्ही खाऊ देताना करतो तसा. मागच्याचा हात त्यात येत होता आणि सुटत होता. सगळी रांग अशी एकमेकांना काहीतरी देत वर चालली होती.

शेवटच्या सावलीचाही हात मागे होता. तिच्या मागे मी होते.

६

काका गवतात बसले होते. मी त्यांचं मनगट धरलं. नाडी संथ होती, माझ्यापेक्षा कितीतरी संथ.

“छातीत काही होतंय का?”

“काहीच होत नाहीये गं,” ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. “वर्षात पहिल्यांदा काहीच होत नाहीये.” मग म्हणाले, “तू हाक कशाला मारलीस?”

मी त्यांची सायकल उभी करून धरली.

“उद्या तू माझ्या पुढे राहा. शेपूट मी होतो.”

“नाही.”

“ईशानी.”

“नाही, काका. मी काकूंना काय सांगू?”

मी काकूंना सगळं सांगितलं. मुक्कामावर परतल्यावर लगेच फोन केला. नंदनला सांगितलं असतं तर त्याने दवाखान्यात फोन केला असता. काकूंनी मध्ये एकदाही टोकलं नाही.

“धाप लागली होती त्यांना?” शेवटी त्यांनी विचारलं.

“नाही.”

“चेहरा कसा होता?”

मी सांगितलं. 

“त्यांना दे फोन.”

काकांनी फोन घेऊन दार लावलं. जाड भिंतीतून शब्द कळत नव्हते, पण आवाज कळत होता. आधी ते समजावत होते, मग भरभर बोलायला लागले, शाळेतून आलेल्या मुलासारखे. मग ऐकायला लागले. मग हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंची गाडी झीतच्या अंगणात आली. अंधारातच निघाल्या असणार. मला हायसं वाटलं. त्या त्यांना घेऊन जातील, मी शब्द पाळला असं होईल. काकू उतरल्या. सलवार-कमीज, पायांत कोरे पांढरे स्नीकर्स. काकांकडे त्यांनी नुसतं पाहिलं आणि मादामला मोडक्या फ्रेंचमध्ये विचारलं, तुमच्याकडे बायकांची सायकल आहे का?

“काकू, तुम्ही त्यांना न्यायला आलात ना?”

“नेऊन काय करू? बेसमेंटमध्ये कोंडून ठेवू?” त्या सीटची उंची हाताने बघत होत्या. “तुला कळत नाहीये का? हा माणूस आता घरी राहणार नाही. घरात असला तरी राहणार नाही. एक दिवस मी ग्रोसरीला गेलेली असेन आणि हे एकटेच निघतील.”

“मी जाऊच देणार नाही.”

“तू किती वेळा हाक मारशील?” त्यांनी माझ्या गालाला हात लावला. तो थंडगार होता. “त्यांना परत आण म्हटलं होतं, कारण मला एकटीला राहायचं नव्हतं. तू काही कमी केलं नाहीस, बाळा. आता तू पुढे हो.”

मादाम दारात उभी होती. तिने काकूंच्या सायकलच्या चाकात हवा भरून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

७

नंदन आणि ऋचा आधीच निघाले होते, माथ्यापलीकडच्या बेकरीत थांबणार होते. आम्ही तिघं निघालो. मी पुढे, माझ्यामागे काका, आणि सगळ्यांत मागे काकू. या सहलीत पहिल्यांदा मी शेपूट नव्हते, आणि मला पाठ उघडी पडल्यासारखं वाटत होतं.

सपाटीवर दोघांची कुरबुर चालली होती.

“गिअर हलका करा.”

“केलाय.”

“मग एवढा आवाज कशाचा?”

“तुझ्या सायकलचा आहे. माझी गप्प आहे.”

“माझी भाड्याची आहे, तिला बोलू नका.”

मी मनाशी ठरवलं होतं. चढावर मी काकांची धाप ऐकत राहीन. धाप ऐकू येते तोवर ते माझ्याजवळ आहेत. थांबली की वळेन, सायकल रस्त्यात आडवी घालेन, दोघांना धरून ठेवेन. काकूंनी सोडवलं असलं तरी मी शब्दातून सुटले नव्हते.

चढ सुरू झाला. गवत दोन्हीकडे उंच झालं. काकांची धाप सुरू झाली, फू, फू, आणि त्यांच्यामागे काकूंची, जास्त जड. दोघंही बोलायचे थांबले. मी दात आवळून पेडल मारत होते आणि मोठा आधार वाटत होता, की माणसं दमताहेत.

निम्म्यावर गेलो असू. मागे काकू हसल्या. उतारावर सुटलेली मुलगी हसते तशा, अडवता न येणारं, आणि त्या हसण्यात कुठेही धाप नव्हती.

मी काकांचा श्वास शोधला. माझ्याच चेनची कुरकुर आणि माझ्याच छातीचे ठोके मध्ये येत होते. म्हणून नीट ऐकू यावं यासाठी मी पाय थांबवले.

सायकल हळू झाली नाही.